सागरी थरांतील मृदुकाय जीवाश्म : थर वाचण्यापासून नमुना जतन करण्यापर्यंत

गाळाच्या खडकांत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या जीवाश्मांमध्ये मृदुकाय प्राण्यांच्या कवचांचा वाटा फार मोठा आहे. शिंपले, शंख, अ‍ॅमोनाइट (वेटोळ्या कवचाचे नामशेष प्राणी) आणि बेलेम्नाइट (गोळीसारखा कठीण भाग मागे ठेवणारे नामशेष प्राणी) हे सारे याच संघातले. ते मिळवणे फारसे कठीण नसते. त्यांच्याकडून काही शिकता येईल अशा रीतीने ते मिळवणे मात्र कठीण असते. कोणत्या थरातून आला हे ठाऊक नसलेला अ‍ॅमोनाइट कितीही देखणा असला तरी त्याच्यावरून खडकाचे वय किंवा समुद्राचे स्वरूप यांविषयी फारच थोडे सांगता येते. उलट ज्याचा थर, जागा आणि थरात पडून राहण्याची स्थिती नोंदलेली आहे, असा अर्धवट तुटलेला शिंपलाही अभ्यासाला उपयोगी पडतो. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी एकाच नियमावर उभी आहे : आधी थराची नोंद, मग कवचाला हात.

हा नियम नवा नाही. इंग्रज भूवैज्ञानिक विल्यम स्मिथ यांनी १८१५ साली इंग्लंड व वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला, तो थरांना त्यांच्यातील जीवाश्मांवरून ओळखता येते या निरीक्षणाच्या बळावर. भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी १८३३ साली तृतीयक काळाचे (डायनासोरांनंतरच्या काळाचे) विभाग पाडले तेव्हा त्यांचा मुख्य आधार शंखशिंपलेच होते. फ्रेंच शंखतज्ज्ञ देशाय यांनी ओळखलेल्या हजारो नमुन्यांपैकी किती जाती आजही जिवंत आहेत याच्या मोजणीवरून लायेल यांनी इओसीन (जुन्या) थरांत हे प्रमाण सुमारे ३.५ टक्के, तर मायोसीन (नंतरच्या) थरांत १७ ते १८ टक्के असल्याचे मांडले. नमुने कोणत्या थरातले हे माहीत नसते तर ही मोजणीच शक्य झाली नसती.

पायरी पहिली : योग्य खडक निवडणे

सुरुवात भूवैज्ञानिक नकाशापासून करावी. ग्रॅनाइट, बेसॉल्ट अशा अग्निजन्य खडकांत शोधण्यात अर्थ नाही. चुनखडक, मार्ल (चुनामिश्रित चिकणमातीचा खडक), शेल (पापुद्र्यांचा चिखलखडक) आणि बारीक कणांचा वालुकाश्म यांवर लक्ष केंद्रित करावे. खडकाच्या ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकल्यावर फेस आला तर त्यात कार्बोनेट आहे असे समजावे; मात्र ही चाचणी खडकावर घ्यावी, जीवाश्मावर कधीही घेऊ नये.

शंख दिसला म्हणजे तेथे समुद्र होता, हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात फायसा नावाचे शंख विपुल सापडतात आणि ते गोड्या पाण्यातील आहेत. थर सागरी आहे असे म्हणण्यासाठी सोबतचे साक्षीदार पाहावेत. अ‍ॅमोनाइट, बेलेम्नाइट, ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे सागरी प्राणी), समुद्री अर्चिन आणि प्रवाळ यांपैकी काही त्याच थरात मिळाले तर शंका उरत नाही. केवळ कालवे मिळाली तर सावध राहावे, कारण कालवे खाडीच्या मचूळ पाण्यातही वाढतात.

जाण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची आणि लागू असेल तेथे शासनाची परवानगी घेणे हे सौजन्य नव्हे, आवश्यकता आहे. देशोदेशीचे कायदे भिन्न आहेत. संरक्षित स्थळी दगड उचलण्यासही बंदी असते आणि अनेक देशांतून जीवाश्म बाहेर नेता येत नाहीत. समुद्रकड्याखाली काम करताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, कड्याच्या पायथ्याशी थांबू नये आणि पावसानंतर लगेच जाऊ नये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस आणि चारमथ येथील ज्युरासिक (सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील कडे जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध आहेत; तेथे जीवाश्म समुद्र आणि दरडी बाहेर काढतात, आणि धोकाही त्या दरडींचाच असतो.

पायरी दुसरी : थर वाचणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. हातोडा पिशवीतच ठेवून प्रथम संपूर्ण उघडा छेद दुरून पाहावा, मग सर्वांत खालच्या थरापासून वर जात प्रत्येक थराची जाडी टेपने मोजावी. थर कललेले असतील तर टेप थराला काटकोनात धरावी, नाहीतर जाडी फुगते. वहीत एक उभा स्तंभ काढून प्रत्येक थराला क्रमांक द्यावा आणि खडकाचा प्रकार, रंग, कणांचा आकार व वरच्या-खालच्या सीमा स्पष्ट आहेत की हळूहळू बदलणाऱ्या आहेत, हे लिहावे. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घेता येतात; तरीही ओळखू येईल अशा एखाद्या खुणेपासूनचे अंतर शब्दांत लिहून ठेवणे शहाणपणाचे असते.

त्यानंतर कवचांकडे वळावे, पण अजूनही केवळ पाहण्यासाठी. शिंपल्याच्या दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) जुळलेल्या आहेत की सुट्या? दोन्ही झडपा बंद असून शिंपला थरात उभा असेल, तर तो जेथे जगला तेथेच गाडला गेला असण्याची शक्यता मोठी असते. सुट्या झडपा बहुसंख्येने फुगीर बाजू वर करून पालथ्या पडल्या असतील तर त्यांना प्रवाहाने लोळवून स्थिरावले आहे, कारण वाहत्या पाण्यात तीच स्थिती टिकते. एकाच जातीच्या डाव्या व उजव्या झडपा वेगवेगळ्या मोजून पाहाव्यात. दोन्हींची संख्या जवळपास सारखी असेल तर वाहतूक फार झालेली नाही. एकच बाजू भरमसाट असेल तर पाण्याने निवड केली आहे.

कवच खडकात असतानाच पाहता येणारी आणखी एक खूण फार मोलाची आहे. काही शंखांच्या पोकळीत गाळ अर्धवटच शिरतो आणि उरलेल्या जागेत पुढे कॅल्साइटचे पांढरे स्फटिक वाढतात. गाळाने भरलेला भाग खालचा आणि स्फटिकांचा वरचा. दोहोंमधली सपाट रेषा म्हणजे त्या काळची क्षितिजसमांतर पातळी. थर घडीत सापडून उलटे झाले असतील तर ते या खुणेवरून कळते. नमुना काढल्यावर त्याची वरची बाजू कोणती हे विसरले जाते, म्हणून काढण्यापूर्वीच त्यावर वर दाखवणारा बाण काढावा.

पायथ्याशी गळून पडलेले नमुने वर्ज्य नाहीत. मात्र ते थरातून काढलेल्या नमुन्यांत कधीही मिसळू नयेत. त्यांच्या चिठ्ठीवर ‘सुटा नमुना’ असे स्पष्ट लिहावे आणि चिकटलेल्या खडकाचा रंग व पोत वरच्या कोणत्या थराशी जुळतो ते तपासावे.

पायरी तिसरी : नमुना काढणे

भूवैज्ञानिक हातोडा, दोन-तीन रुंदीच्या छिन्न्या, डोळ्यांसाठी चष्मा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मऊ ब्रश, वर्तमानपत्रे, पिशव्या, चिठ्ठ्या आणि पुसला न जाणारा मार्कर एवढे साहित्य पुरते. हातोड्यावर दुसरा हातोडा मारू नये. कठीण पोलादाचे कपचे उडून डोळ्याला इजा होते.

छिन्नी जीवाश्माच्या कडेला लावण्याची इच्छा आवरावी. कवचापासून चार बोटे दूर चारही बाजूंनी चर पाडून भोवतालच्या खडकासह ढेकूळ सोडवावे. उरलेले काम घरी शांतपणे होते. शेलमध्ये थरांच्या पापुद्र्यांशी समांतर घाव घातल्यास दगड उघडतो आणि एका तुकड्यावर कवच, तर दुसऱ्यावर त्याचा ठसा राहतो. दोन्ही तुकडे जपावेत, कारण कवचाची बाहेरची नक्षी कित्येकदा ठशावरच अधिक स्पष्ट असते. चुनखडीचे गोलसर गोटे शेलमध्ये ओळीने दिसले तर ते अवश्य तपासावेत. असे गोटे गाळ दाबला जाण्यापूर्वीच घट्ट झालेले असल्याने त्यांतील अ‍ॅमोनाइट चपटे न होता पूर्ण गोलाईसह मिळतात. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम हे असेच गोटे असून त्यांतील चक्र ज्युरासिक काळातील अ‍ॅमोनाइटचे असते.

ओलसर चिकणमातीतील मोत्यासारखी चमक असलेली कवचे उन्हात ठेवू नयेत. झटपट सुकल्याने ती तडकतात आणि सोलपटतात. भोवतालच्या मातीसह ओल्या कागदात गुंडाळून ती घरी सावलीत हळूहळू सुकवावीत. प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी त्याच जागी, त्याच क्षणी लिहावी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या चिठ्ठीवर मी विश्वास ठेवणार नाही.

पायरी चौथी : हातात कवच आहे की साचा, हे ठरवणे

नवख्या अभ्यासकाचा गोंधळ येथेच सर्वाधिक होतो. मृदुकायांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन रूपांत असतात. अ‍ॅरागोनाइट हे रूप लवकर विरघळते किंवा काळाच्या ओघात कॅल्साइटमध्ये बदलते. कॅल्साइट अधिक टिकाऊ असते. कालवे, पेक्टेन (पंख्याच्या आकाराचा शिंपला) व बेलेम्नाइटची गोळी ही कॅल्साइटची असल्याने जशीच्या तशी मिळतात. बहुतेक शंख, बहुतेक बिळे करणारे शिंपले आणि अ‍ॅमोनाइट यांची कवचे अ‍ॅरागोनाइटची असल्याने कित्येक चुनखडकांत ती नाहीशी झालेली असतात आणि मागे फक्त आकार उरतो.

हा आकार तीन प्रकारचा असतो. कवचाच्या आत शिरून घट्ट झालेला गाळ म्हणजे आतला साचा. त्यावर बाहेरची नक्षी नसते, पण स्नायूंचे व्रण आणि पडद्यांच्या रेषा असतात. भोवतालच्या गाळावर उमटलेली छाप म्हणजे बाहेरचा साचा. कवच विरघळून झालेली पोकळी पुढे दुसऱ्या खनिजाने भरली तर मिळते ती ओतीव प्रतिकृती. एकाच जातीचा आतला साचा आणि कवच शेजारी ठेवले तर ते दोन वेगळे प्राणी वाटावेत इतके भिन्न दिसतात. त्यामुळे ओळख पटवण्यापूर्वी हा प्रश्न सोडवणे अनिवार्य आहे. बाहेरचा साचा असेल तर त्यात मऊ प्लॅस्टिसिन किंवा सिलिकॉन रबर दाबून कवचाचा मूळ पृष्ठभाग मिळवता येतो.

यातून आणखी एक इशारा निघतो. एखाद्या थरात केवळ कालवेच सापडली, तर तेथे शंख राहतच नव्हते असे लगेच लिहू नये. भिंगाने खडकातील रिकाम्या पोकळ्या पाहाव्यात. विरघळून गेलेल्या शंखांच्या जागा तेथे दिसू शकतात.

पायरी पाचवी : ओळख पटवणे

शिंपला हाती आला की पहिला प्रश्न, तो शिंपला आहे की ब्रॅकिओपॉड? ब्रॅकिओपॉड मृदुकाय नाहीत, तरीही दोन झडपांमुळे फसवतात. शिंपल्याच्या दोन झडपा साधारणपणे एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात, मात्र प्रत्येक झडप स्वतः तिरकी असते. ब्रॅकिओपॉडच्या झडपा एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात, परंतु प्रत्येक झडप मधोमध दुभागली तर दोन्ही अर्धे सारखे निघतात, आणि मोठ्या झडपेच्या चोचीशी (बिजागरीजवळच्या टोकाशी) बहुधा एक बारीक छिद्र असते. कालवे व ग्रिफिया (कालवांचा नामशेष नातलग) या नियमाला अपवाद आहेत. त्यांची डावी झडप मोठी व वक्र, उजवी झाकणासारखी सपाट असते.

डावी-उजवी ओळखण्यासाठी सुटी झडप बिजागरी वर आणि फुगीर बाजू आपल्याकडे करून धरावी. चोच बहुधा प्राण्याच्या पुढच्या बाजूला झुकलेली असते. ती डावीकडे झुकली असेल तर ती डावी झडप. मग आतली बाजू पाहावी : बिजागरीचे दात, स्नायूंचे व्रण आणि कडेला समांतर जाणारी एक रेषा. ही रेषा मागच्या बाजूला खोल आत वळली असेल तर त्या प्राण्याला लांब नळ्या होत्या, म्हणजेच तो गाळात खोल बीळ करून राहत होता. एका रेषेच्या वळणावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे राहणीमान कळते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

बाहेरच्या वाढरेषाही दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिटेशियसच्या (ज्युरासिकनंतरचा काळ) अखेरच्या काळातील टोरेइटीज या रुडिस्ट गटातील नामशेष शिंपल्याच्या रोजच्या थरांची मोजणी करण्यात आली; तेव्हा वर्षात ३७२ दिवस होते आणि दिवस सुमारे साडेतेवीस तासांचा होता, असा निष्कर्ष त्यातून निघाला. रुडिस्ट दिसायला शिंपल्यांपेक्षा शिंगांसारखे किंवा एकांड्या प्रवाळांसारखे असतात. प्रवाळात केंद्राकडे जाणारे उभे पडदे असतात, रुडिस्टमध्ये तसे नसतात, एवढे लक्षात ठेवावे.

शंखांची ओळख तुलनेने सरळ आहे. शिखर वर आणि मुख आपल्याकडे धरावे. मुख उजव्या हाताला आले तर शंख उजवा, आणि बहुतेक शंख उजवेच असतात. वळशांची संख्या, त्यांवरील कणा व गाठी, मुखाचा आकार आणि मुखाशी पन्हळ आहे की नाही, हे नोंदवावे. मुख तुटलेले असेल तर जातीपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरू नये, प्रजातीवर (जातीच्या वरच्या गटावर, म्हणजे वंशावर) थांबणे प्रामाणिकपणाचे आहे. शंखशिंपल्यांवर नीट गोल भोक दिसले तर ते शिकारी शंखाचे काम असू शकते : नॅटिका कुळातील शंखांचे भोक बाहेर रुंद व आत निमुळते, तर म्युरेक्स कुळातील शंखांचे भोक सरळ नळीसारखे असते.

शीर्षपादांमध्ये (बेलेम्नाइट, अ‍ॅमोनाइट व नॉटिलस यांच्या गटात) बेलेम्नाइट ओळखणे सर्वांत सोपे आहे. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, आणि आडवा तुकडा तुटला तर केंद्रापासून चहूकडे पसरलेले कॅल्साइटचे किरण. अ‍ॅमोनाइट आणि नॉटिलस (आजही जिवंत असलेला त्यांचा नातलग) यांच्यात फरक करण्यासाठी कप्पे जोडणाऱ्या नळीची जागा पाहावी. नॉटिलसमध्ये ती पडद्याच्या मध्याजवळून जाते, बहुतेक अ‍ॅमोनाइटमध्ये वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेने.

अ‍ॅमोनाइट गटातील वयाची खूण म्हणजे शिवणरेषा, म्हणजे आतला पडदा कवचाला जेथे मिळतो ती रेषा. ती कवच निघून गेलेल्या आतल्या साच्यावरच दिसते. साधी नागमोडी किंवा कोनाकृती रेषा गोनिआटाइट प्रकारची असून ती मुख्यतः डेव्होनियन ते पर्मियन (सुमारे ४२ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांत मिळते. एका बाजूचे बाक गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूचे दातेरी असतील तर ती सेराटाइट प्रकारची, प्रामुख्याने ट्रायासिकमधली (ज्युरासिकच्या लगेच आधीच्या काळातली). शेवंतीच्या पानाच्या कडेसारखी सर्वत्र कातरलेली रेषा ही खऱ्या अ‍ॅमोनाइटची, ज्युरासिक व क्रिटेशियस काळाची निशाणी आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा संपूर्ण गट नष्ट झाला. वेटोळ्याच्या शेवटच्या भागात शिवणरेषा नसतील तर घाबरू नये. तो प्राण्याच्या राहण्याचा कप्पा असतो आणि तो शाबूत असणे ही चांगली गोष्ट आहे. त्याच्या आधीच्या दोन-चार रेषा एकमेकींना चिकटून आल्या असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता. हे पाहिल्याखेरीज लहान नमुन्याला पिल्लू म्हणू नये, कारण एकाच जातीत मोठ्या व लहान आकाराची प्रौढ कवचे आढळतात आणि तो भेद नर-मादीचा मानला जातो.

अ‍ॅमोनाइट जाती लवकर बदलत आणि समुद्रांतून दूरवर पसरत, म्हणूनच जर्मन भूवैज्ञानिक आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिक थरांची त्यांच्या आधारे बारीक विभागणी केली. कच्छमध्ये भूवैज्ञानिक स्टोलिच्का यांनी गोळा केलेल्या शीर्षपादांचे वर्णन जीवाश्मतज्ज्ञ वागेन यांनी १८७० च्या दशकात केले आणि पच्छम, चारी, कटरोल व उमिया हा थरांचा क्रम अ‍ॅमोनाइटच्या आधारे पक्का झाला. आपल्या नमुन्याची ओळख पटवताना चित्रे जुळवण्याआधी त्याच वयाच्या थरांपुरता शोध मर्यादित ठेवला तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

पायरी सहावी : साफसफाई

प्रथम कोरडा ब्रश, मग लाकडी किंवा बांबूची काडी, मग सुई, आणि शेवटीच बारीक छिन्नी, हा क्रम मोडू नये. भिंगाखाली सुई जीवाश्मापासून दूर जाईल अशी फिरवावी. मऊ मार्ल किंवा चिकणमाती पूर्ण वाळवून पाण्यात टाकली तर ती आपोआप सुटी होऊन तिचा चिखल होतो. तो चिखल एक मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटरच्या चाळण्यांतून धुतल्यास तांदळाच्या दाण्याएवढे शंखही मिळतात.

व्हिनेगर किंवा इतर आम्ल वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मृदुकायांच्या बाबतीत घातक आहे. कवच आणि चुनखडक दोन्ही एकाच रसायनाचे असल्यामुळे आम्ल दोघांनाही खाते. कवचाच्या जागी सिलिका (वाळूतले खनिज) आलेली असेल तरच चुनखडक सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवता येतो. ते निश्चित करण्यासाठी एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) सोनेरी अ‍ॅमोनाइट पाण्यात भिजत ठेवू नयेत.

पायरी सातवी : मजबुती, क्रमांक आणि साठवण

ठिसूळ कवचासाठी पॅरालॉइड बी-७२ हे राळ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून साधारण ५ टक्के किंवा त्याहून पातळ द्रावण ब्रशने मुरवावे. ते पुन्हा विरघळवून काढता येते, हाच त्याचा मोठा गुण. काम उघड्या हवेशीर जागी, आगीपासून दूर करावे. चमकण्यासाठी व्हार्निश लावू नये, आणि एकाच थरातून अनेक नमुने असतील तर काही कवचे कोणताही लेप न लावता ठेवावीत. कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) प्राचीन समुद्राचे तापमान काढता येते, आणि लेपामुळे ते काम बिघडते. या मोजणीचे मूळ जागतिक प्रमाण म्हणून अमेरिकेतील पी डी या शैलसमूहातील एक बेलेम्नाइटच वापरला गेला होता.

क्रमांक नमुन्याच्या कमी महत्त्वाच्या जागी पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने लिहावा. तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि नोंदवहीत असावा. नोंदवहीत थराचा क्रमांक, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि ओळख एवढे तरी असावे. ओळख बदलली तर जुनी खोडू नये, तिच्याखाली नवी तारखेसह लिहावी. छायाचित्र घेताना प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका पडू द्यावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी.

लाकडी कपाटातून, विशेषतः ओकच्या, अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघते आणि कवचांवर पांढरी भुकटी जमते. म्हणून धातूचे कपाट आणि आम्लरहित कागदाचे डबे वापरावेत. पायराइटचे नमुने सिलिका जेलसह बंद डब्यात, शक्यतो ५० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत ठेवावेत आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहावेत. गंधकाचा उग्र वास किंवा पिवळी-पांढरी भुकटी दिसली तर तो नमुना ताबडतोब वेगळा काढावा, कारण सुटलेले आम्ल शेजारच्या नमुन्यांचे कागद, चिठ्ठ्या आणि कवचेही खाऊन टाकते. पूर्वी न वर्णिलेला किंवा असामान्यपणे पूर्ण नमुना हाती लागल्याची शंका आली, तर तो साफ करण्यापूर्वीच थराच्या नोंदींसह जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला दाखवावा.